नानांच्या पिशवीतली चप्पल

"डोळे मिटा," असं नाना माइकवर म्हणाले की माझं पित्त खवळायचं. "मिटा डोळे. दिसतंय? मे महिन्याचं ऊन. डांबर वितळलंय. त्या डांबरावरून एक बाप चाललाय..." एवढं बोलून ते गप्प बसायचे. पुढच्या रांगेतल्या बायकांचे पदर लगेच डोळ्यांना. बाप कोणाचा, निघालाय कुठे, काही पत्ता नाही. रडणं मात्र सुरू!

नाना पारोळ्याचे, निवृत्त मास्तर. धुळ्याला सेवापूर्ती असो, जळगावला गुणगौरव असो, माइक त्यांच्याच हातात. आणि गंधमुक्ती तर त्यांचं हक्काचं मैदान. आमच्याकडे माणूस गेल्यावर सुतक फिटतं त्या दिवशी जेवणाआधी श्रद्धांजलीची भाषणं होतात. त्यात नाना दिसले नाहीत तर पाहुणे कुजबुजायचे, "नानासले बलावं नही का?" जणू त्यांच्याशिवाय मेलेला माणूस नीट मरतच नव्हता.

"भाऊ, लोकांना डोळे असतात, कान नसतात," हे त्यांचं लाडकं वाक्य. "ऐकवू नका, दाखवा." आणि दाखवायचे म्हणजे खरोखरच दाखवायचे. खांद्याला कापडी पिशवी असायची. भाषण रंगात आलं की त्यातून एक झिजलेली चप्पल काढून दोन्ही हातांनी वर धरायचे. अंगठ्याची, टाच पार गेलेली, पट्टा तारेने बांधलेला. "हीच ती चप्पल!" पोरंटोरं मोबाइल उंच करून शूटिंग करायची आणि संध्याकाळपर्यंत ती चप्पल प्रत्येकाच्या स्टेटसवर.

दोंडाईच्याला एका साहेबांच्या सेवापूर्तीत मी ती पाहिली. महिनाभराने धुळ्याला एका व्यापाऱ्याच्या गंधमुक्तीत पाहतो तर तीच! तीच तार, तोच पीळ. दोंडाईच्याचे साहेब गर्भश्रीमंत घरातले, शाळेला टांग्यातून गेलेले. पण नानांनी चप्पल वर धरली आणि साहेब स्वतःच्या गरिबीवर हुंदके देऊन रडले. काय म्हणावं या माणसांना?

धुळ्याहून परत येताना एसटीत नाना शेजारीच बसले. मी सरळ विचारलं, "नाना, चप्पल नक्की कोणाची?"

"ज्याला लागेल त्याची," म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून घोरायला लागले. लाज म्हणून नाही. पण खोटं कशाला बोलू, आवाज होता माणसाला. ते 'कडुलिंब' म्हणाले की मान आपोआप सावली शोधायची. त्याचाच तर राग यायचा. एवढा गळा देवाने दिला आणि यांनी त्यावर फाटकी चप्पल विकली.

मग माझे आबा गेले. आबा जळगावला डाळमिलमध्ये मुकादम. तरुणपणी उजव्या पायाचा अंगठा मशीनच्या पट्ट्यात सापडून गेला होता. तो पाय त्यांनी जन्मभर कोणाला दिसू दिला नाही. काळे बूट, उन्हाळ्यातसुद्धा. रविवारी ओट्यावर बसून स्वतः पॉलिश करायचे. स्वभावाने तिरसट. कामगार त्यांना टरकून असायचे, नातेवाईक चार हात लांब. मला एवढंच हवं होतं की आबांचं नाव निघालं की लोकांना ते बूट आठवावेत. निदान ते बूट तरी खरे होते ना!

काकांनी मला न विचारता नानांना बोलावलं. मी बाजूला घेऊन बजावलं, "नाना, आबा बूट घालायचे. अंगठाच नव्हता, चप्पल पायात राहायची नाही." नानांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "काळजी करू नका, भाऊ."

आणि मांडवात? "डोळे मिटा. डांबर वितळलंय." निघाली चप्पल! "पोराला बूट घेता यावेत म्हणून हा बाप या चपलेवर चालला!" मी ताडकन उठलो. काकांनी सदरा धरून खाली ओढलं, "बठ्ठा लोके रडी राहिनात, तू खाले बस." खरंच, ज्यांनी आबांना शिव्या घातल्या होत्या तेही मुसमुसत होते. भाषण संपल्यावर आईने पुढे जाऊन पदर पसरला आणि ती चप्पल मागून घेतली. एवढ्या लोकांसमोर नाना नाही कसं म्हणणार? त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तेवढंच माझं समाधान.

चप्पल आबांच्या फोटोखाली आली. बूट आईने कोणाला तरी देऊन टाकले. मी भडकलो, "अगं, त्यांना अंगठा नव्हता! तुला माहीत नाही?"

"मले म्हाईत शे," आई म्हणाली. "पन त्यासनाकरता लोके पहिल्यांदाच रडनात. राहू दे."

नानांनी पुढे दुसरी चप्पल आणली म्हणे, पण ती नवीच फाडलेली, तिला ती झीज नव्हती. या हिवाळ्यात नाना गेले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा मुलगा आमच्या दारात. "नानांची गंधमुक्ती आहे. ती चप्पल फोटोजवळ ठेवायची होती. त्यांच्या आयुष्याची खूण आहे ती."

घरातून ती पीडा जावी म्हणून मी वर्षानुवर्षं तडफडलो होतो. आता मालकाचा मुलगाच न्यायला आला होता. मी उठलोही.

आई फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "ती यासनी चप्पल शे, भाऊ."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. "खरंच?"

आईचा हात चपलेवर होता. मी घसा साफ केला.

"खरंच," मी म्हणालो. "आबा हीच घालायचे. मे महिन्यात. डांबर वितळलेलं असायचं..."

नानांच्या मुलाने खिशातून रुमाल काढला आणि डोळे पुसले.