मराठी न कळणारा शेजारी

नोकरीत केसेस पुष्कळ झाल्या, बऱ्याच विसरलेही. पण जॉन्सनव्हिल या उपनगरातल्या त्या दुकानाची केस आठवली की अजून डोकं तापतं.

तेव्हा मी वेलिंग्टनला पोलीस खात्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होते. पुण्याहून न्यूझीलंडला शिकायला आले, पोलिसात भरती झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. नाव कुणाचंच देणार नाही. आरोपीचं द्यायला मला आवडलं असतं.

एका शनिवारी दुपारी काउंटरवरच्या कॉन्स्टेबलने सांगितलं की एक वयस्कर गृहस्थ आलेत आणि मराठी बोलणारी अधिकारीच हवी म्हणतायत. बाहेर गेले. गोरापान म्हातारा, डोक्यावर ज्यू लोक घालतात ती छोटी टोपी, चढ चढून धाप लागलेली. रंगरूप बघून मी इंग्रजीत सुरुवात केली.

"बाई, मराठीत बोला. मी रेवदंड्याचा," ते म्हणाले.

ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरची भाषा मराठीच. इथे मुलीकडे राहत होते. फोन का केला नाही, असं मी विचारलं. आज शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, म्हणून फोन नाही आणि गाडीही नाही. कुणाच्या जिवावर बेतलं असतं तर दोन्ही चाललं असतं, पण चालत पोहोचण्याइतका वेळ होता, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. जबाब मी लिहून घेतला. सही अंधार पडल्यावर, शब्बाथ संपला की करतो म्हणाले आणि केली.

खबर अशी होती. त्यांच्या अंगणाला लागून एका भारतीय किराणा दुकानाचं मागचं दार होतं. आत डबे करायचं स्वयंपाकघर. मालक मराठी. तो मागच्या दारात यायचा, म्हाताऱ्याला हात करून "किआ ओरा" असा माओरी नमस्कार म्हणायचा आणि मग फोनवर मराठीत मोकळा सुटायचा. त्या सकाळी कुणाला तरी सांगत होता की स्वयंपाकाच्या बाईचा हात तेलाने भाजलाय आणि ती डॉक्टर मागतेय. डॉक्टरकडे नेलं तर चौकशी मागे लागेल. पासपोर्ट माझ्याकडेच आहे, उद्याच्या विमानाने परत पाठवतो, तोवर बाहेर सोडत नाही.

"मराठी येतं हे तुम्ही त्याला कधी सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो. पण पहिल्याच दिवशी तो फोनवर माझ्याबद्दल जे बोलला ना, ते ऐकल्यावर म्हटलं, बोलू दे."

दोन कॉन्स्टेबल घेऊन मी दुकानात गेले. बाई समोर आली, हाताला ताटं पुसायचं फडकं गुंडाळलेलं. साताऱ्याकडची, तिशीतली. मालक शेजारी उभा होता. तिने जमिनीकडे बघत सांगितलं, "काही नाही, दादा सगळं बघतात."

आधी तिला दवाखान्यात पाठवलं. तिथेही ती गप्पच. तिचा व्हिसा त्याच्या दुकानाला बांधलेला होता. तोंड उघडलं की देश सोडावा लागेल, हे त्याने तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. आणि ती बोलली नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या विमानात तिला बसवण्यापासून त्याला अडवायला म्हाताऱ्याच्या जबाबापलीकडे माझ्याकडे फारसं काही नव्हतं.

मालक स्टेशनवर हसतमुखाने आला. त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले, रेकॉर्डिंग सुरू केलं. मला बघून तो आणखी सैलावला. ताई, ही घरातली गोष्ट आहे, गणपतीचा प्रसाद दरवर्षी माझ्याकडून जातो, कुणालाही विचारा. भाजणं हा अपघात, घरी जायचं हा तिचाच हट्ट, हेही सांगून झालं. या माणसांचं मला नवल वाटतं. गुन्ह्याबद्दल विचारलं की हे प्रसाद दाखवतात.

मी एवढंच म्हटलं, की सकाळचं तुमचं फोनवरचं बोलणं कुणीतरी ऐकलंय. कुणी, ते सांगितलं नाही.

तो हसला. "कोण ऐकणार? मागे तो ज्यू म्हातारा सोडून कुणी नव्हतं. आणि मी मराठीत बोलत होतो. पासपोर्टचं बोललो काय, विमानाचं बोललो काय, त्याला काय घंटा कळणार?"

मी रेकॉर्डिंगमधली ती वेळ वहीत टिपून घेतली. चौकशीत याचा उपयोग होतो. मग म्हटलं, "पासपोर्टचा विषय मी अजून काढलेलाच नाही. आणि ते गृहस्थ रेवदंड्याचे आहेत."

त्याने वकील मागितला. झडतीचं वॉरंट निघालं. पासपोर्ट त्याच्या घरी सापडला, देवघराच्या खणात.

दवाखान्यात जाऊन मी बाईला दोन गोष्टी सांगितल्या. पासपोर्ट आता पोलिसांकडे आहे आणि बोललीस म्हणून तुला कुणी परत पाठवणार नाही, शोषण झालेल्या कामगारांसाठी इथे वेगळा व्हिसा आहे. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग सगळं सांगितलं. पुढे तिला तो व्हिसा मिळाला. आता ती हॅमिल्टनला असते.

खरा संताप त्यानंतरचा. मला फोन येऊ लागले. शिकलेली, चांगल्या नोकऱ्यांतली मराठी माणसं. एका ज्यूच्या सांगण्यावरून आपल्या माणसाला अडकवलंत. परदेशात आपली अब्रू घालवलीत. तिच्या भाजलेल्या हाताबद्दल एकानेही विचारलं नाही. जो माणूस तिच्यासाठी चढ चढून आला तो परका, आणि ज्याने तिला कोंडलं तो आपला, हा हिशेब मला आजही कळलेला नाही. त्या केसनंतर 'आपला माणूस' म्हणून कुणी रदबदली करायला आला, की मी आधी तक्रारदाराची फाईल उघडायला शिकले.

त्यातला एक फोन एका इंजिनिअरचा होता. दर आठवड्याला तिथून डबे नेणारा. म्हणाला, "ताई, तुम्ही आपल्यातल्या ना?"

मी त्याला विचारलं, डबे करणाऱ्या बाईचं नाव काय?

त्याला ते माहीत नव्हतं.