ज्याचा मोबाईल, त्यानं वायर धरायची!

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बारके स्क्रू आणि किस्से सारख्याच वेगाने साठतात. स्क्रू निदान झाडताना तरी निघून जातात!

जामखेडला माझं दुकान आहे. बंद पडलेला मोबाईल कॉम्प्युटरला जोडायचा, आतलं सॉफ्टवेअर पुसून नवीन भरायचं, याला आम्ही फ्लॅश मारणं म्हणतो. मध्यंतरी माझे फ्लॅश सारखे फेल व्हायला लागले. फाईल बदलली, ड्रायव्हर बदलला, विंडोज नवीन टाकलं. शेवटी कळलं, वायरच सैल! नवीन आणायचं रोज ठरतं. तोवर नियम एकच, ज्याचा मोबाईल त्यानं वायर दाबून धरायची.

*

एकदा शाळेतले सर वायर धरून बसले. त्रेसष्ट टक्क्यांवर फ्लॅश फेल!

सर भडकले. "त्रेसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास! नापास कसा?"

*

पूजा सांगणाऱ्या गुरुजींचं वायर धरून छान चाललं होतं. तेवढ्यात कोणीतरी आत येऊन त्यांच्या पाया पडलं. आशीर्वादाला हात वर गेला आणि वायर निसटली!

दुसऱ्या खेपेला आणखी एक जण वाकला. गुरुजी जागचे हलले नाहीत. "आशीर्वाद आहेच, पण शंभर टक्के झाल्यावर घेऊन जा."

*

आणि ते दोघे सख्खे भाऊ. बांधावरून सात वर्षं अबोला. बहीण पुण्यात बाळंतपणाला दवाखान्यात होती. एकाला आधी कळवलं तर दुसरा रुसेल, म्हणून ती फक्त आईला फोन करायची. नेमका आईचाच मोबाईल बंद! आईनं थोरल्याला पाठवलं, आणि धीर निघेना म्हणून मागोमाग धाकट्यालाही.

त्या मोबाईलचं सॉकेटही सैल होतं. एक टोक थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. दोनदा फेल.

"त्यांना सांगा, हलू नका म्हनावं," थोरला मला म्हणाला.

"त्यांनाच सांगा!" धाकटाही मलाच.

मी सांगितलं, "आता कनेक्शन तुटलं तर हा मोबाईल परत उठायचा नाही."

दोघांनी श्वास रोखले. सत्त्याण्णव टक्क्यांवर थोरल्याच्या नाकावर माशी बसली. थोरला डोळे फिरवतोय, हात सोडता येईना. धाकट्यानं हळूच फुंकर मारली. माशी उडाली.

शंभर!

मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. वायर काढून ड्रॉवरमध्ये टाकली, सिम घातलं, आणि पाच मिनिटांत फोन वाजला. बहिणीचाच! धाकट्यानं "हॅलो" म्हणत स्पीकर लावला.

"मुलगी झाली रे! दादा कुठाय?"

"हितंच हाय. माज्यासमोर."

"तुम्ही दोघं एका जागी?"

थोरल्यानं घसा साफ केला. "व्हय गं. वायर लई सैल हाय. दोघांनी धरावी लागती."