होल्डवरची गोगलगाय

"अभी होल्ड पे रखो," म्हणत आमचे शेजारी खिशातून पिवळी चिठ्ठी काढायचे. कारखान्यात तपासणी खात्यात होते आणि मालाला 'पास' म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. घरीही तेच. दूधवाल्याचं दूध, रेडिओवरचा हवामानाचा अंदाज, आमच्या मुलीला आलेलं स्थळ, सगळं होल्डवर. आता तुम्हीच सांगा, अशा शेजाऱ्याशी कुणाचं पटेल?

त्यातून रोज सकाळी ते क्वार्टरांच्या कुंपणांत वाकून काहीतरी शोधत. हा माणूस आमच्या चहाड्या वर साहेबांपर्यंत पोहोचवतो, असा माझा संशय. एकदा हटकलं, तर मूठ उघडून गोगलगाईंचे दोन रिकामे शंख दाखवले. बाहेरून अगदी सारखे.

"तोंड बघा," ते म्हणाले. एकाच्या कडेला आत बारीक दात होता, दुसऱ्याच्या नव्हता. म्हणजे कुळं वेगळी. दिसण्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं.

पुढे वसाहतीजवळच्या सोनागिरीत रस्त्यासाठी टाकलेल्या दगडांत त्यांना एक दगड झालेली गोगलगाय मिळाली. लाव्हाच्या दोन थरांमधली, हिमालयाच्याही आधीची म्हणे. तिच्या तोंडात माती घट्ट बसली होती. आत तो दात सापडला, तर कुंपणातल्या गोगलगाईंचं कुळ तेव्हापासून इथलं, असं म्हणता येणार होतं. "आपण सगळे बदलीवर आलेले," ते म्हणाले, "ही तरी इथली निघते का बघू." कित्येक महिने ओल्या ब्रशने ते माती काढत होते.

एकदा गावी जाताना ती एका डबीत घालून माझ्याकडे ठेवून गेले. मला वाटलं, साच्यात ओतलेला नमुना देऊन हे माझी गंमत करताहेत. खात्री करायला मी स्क्रूड्रायव्हर घातला. कड उडाली, आतल्या सगळ्याचा भुगा झाला. दगड खराच होता.

परत आल्यावर त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मी विचारलं, "अशीच होती ना?"

"अशीच होती," ते म्हणाले.

एवढ्या संशयी माणसाला फसवलं म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला. आज त्याची लाज वाटते.

ते वारल्यावर त्यांच्या घरच्या वहिनींनी ती डबी मला आणून दिली. आत पिवळी चिठ्ठी होती: 'होल्ड. कड तुटलेली. दोष मूळचाच.'

तुटल्या जागी दगड अजून स्वच्छ पांढरा दिसतो. तूट नवी आहे हे माझ्यासारख्या कारकुनालाही कळतं. उभ्या आयुष्यात त्यांनी डोळे मिटून पास केलेला बहुधा मी एकटाच.