गोल्टी

कांदा निवडायला बसलं की आमच्या अंगणात तीन ढीग पडत. मोठा, मधला आणि गोल्टी. गोल्टी म्हणजे लिंबापेक्षा बारका कांदा. त्याला भाव यायचा नाही, तो घरी खायला ठेवायचा. वडील तसला एक कांदा उचलून माझ्या डोक्यावर टेकवायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "ही आमची गोल्टी. अन् ती बघा मोठी. एक नंबर माल हाय!"

सगळे हसायचे. मीही हसायचे, न हसून जाते कुठं? ताई उंच, गोरी, वर्गात पहिली. माझे मार्कही काही वाईट नव्हते, पण आमच्या घरात ते कधी एकटे वाचलेच गेले नाहीत. आधी ताईचे, मग माझे.

पुढं ताई लग्न होऊन पुण्याला गेली. मला जवळच, राहुरीत दिलं. मी शाळेत शिकवू लागले. आईचं दुखणं, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं मीच निस्तरलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही. ताई दिवाळीला दोन दिवस यायची आणि वडील वर्षभर तेच दोन दिवस उगाळत बसायचे. मला संताप यायचा. त्याहून जास्त संताप स्वतःचा यायचा, कारण आरशासमोर उभी राहिले तरी मी ताईच्याच मापानं स्वतःला मोजायचे आणि दर वेळी कमी भरायचे.

गेल्या उन्हाळ्यात ताई नवऱ्याला सोडून माहेरी आली, कायमची. पार वाळून गेली होती. आम्ही दोघी पुन्हा अंगणात कांदा निवडत होतो. शेजारचे काका ओट्यावर टेकले होते. वडील त्यांना म्हणाले, आवाज जरासुद्धा न दाबता, "काय सांगू, मोठी पार वाया गेली. आमच्या गोल्टीच्या बी खाली गेली बघा."

वडिलांनी एकदा तरी मला ताईच्या वर ठेवावं, याची मी जन्मभर वाट बघितली होती. ठेवलं एकदाचं, पण नाव तेच. मी होते तिथंच होते. फक्त ताईचा भाव पडला होता. तरी खोटं कशाला बोलू, क्षणभर माझी मान ताठ झाली.

मग ताई हसली. मी हसायचे ना, अगदी तशीच.