मनकर्णाबाईंचं ‘नको’

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या बिल्डिंगीत सोळा घरं आणि एकच अध्यक्ष. माझ्या समोरच्या दारातल्या मनकर्णाबाई. नऊ वर्षांत कुणी चिठ्ठी टाकली नाही की हात मोजले नाहीत. दर उन्हाळ्यात गच्चीवर सतरंजी पडते, सेक्रेटरी सुदर्शनभाऊ विचारतात, “मग, मनकर्णाबाईच ना?” आणि सगळे ओरडतात, “मंजूर!” त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. आतून जळणाऱ्या माणसाला आवाज मोठा ठेवावाच लागतो.

बाई मूळच्या फुलंब्रीकडच्या. शिक्षण सातवी, तेही नापास. नवरा लवकर गेला, मग शाळेत पोरांची खिचडी शिजवून लेकीला नर्स केलं. कबूल, सगळं कबूल. पण मी बी.ए. आहे हो, अर्थशास्त्र घेऊन! हळदीकुंकवात बायका पोट धरून हसतात ते माझ्यामुळं. आणि अध्यक्ष कोण, तर जिच्या गळ्यात पाण्याच्या मोटारीची किल्ली.

आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. ते खालच्या हौदात पडलं की बाई मोटार लावणार, चार मजले चढून टाकी बघणार आणि येताना सोळा बेल वाजवणार. किल्ली काळ्या दोऱ्यात, कायम गळ्यात. “मंगळसूत्र गेलं, त्या जागी किल्ली आली,” असं मी एकदा बोलून गेले. जीभ चावली लगेच. फार जोरात नाही चावली.

यंदा सभेच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी दारात मेथी निवडत बसलो होतो. बाई म्हणाल्या, “मेघा, औंदा मी नाय गं. गुडघे पार गेले. डॉक्टर म्हणला, जिने चढू नका. तूच घे आता.”

“छे हो मावशी, असं कसं!” मी म्हणाले, आणि मेथी तशीच टाकून खाली अख्तरीभाभीकडं पळाले. भाभी शिवणकाम करतात. मशीन न थांबवता त्यांनी सगळं ऐकलं.

“मैं लेतूं तेरा नाम. लेकिन तू जोक मारू नको. तेरी हर बात लोगां मजाक समझते.”

मी डाळिंबी साडीला इस्त्री केली.

आता आमची रीत सांगते. नाव निघालं की माणसानं दोनदा ‘नको’ म्हणायचं. लगेच हो म्हणणारा हावरट. तिसऱ्यांदा मान खाली घातली, की झाला अध्यक्ष.

संध्याकाळी गच्चीवर सुदर्शनभाऊंनी विचारलं, “मग, मनकर्णाबाईच ना?”

“नको,” बाई म्हणाल्या. लोक हसले.

“खरंच नको बाबा.”

“झाले, दोन झाले!” मागून कुणीतरी ओरडलं.

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “अरं, जिना चढवत नाय मला! नाय जमायचं!”

“बघा, दरवर्षी नवं कारण! मागच्या साली लेकीचं बाळंतपण होतं,” सुदर्शनभाऊ म्हणाले. पुन्हा हशा.

बाई खरं बोलताहेत हे त्या गच्चीवर मला आणि अख्तरीभाभीलाच ठाऊक होतं. मी त्यांना डोळ्यानं खुणावलं. भाभी उठल्या, “मैं मेघा का नाम लेतूं.”

“व्हय व्हय, मेघालाच करा!” बाई घाईनं म्हणाल्या.

सोळा घरांची तोंडं माझ्याकडं. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर उभं, आणि माझ्या तोंडातून काय निघावं?

“अगं बाई, मला कुठं जमतंय!”

हे पहिलंच होतं हो. अजून एक म्हणायचं होतं, मग मान खाली घालायची होती.

“मेघाताई नको म्हणतात,” सुदर्शनभाऊ म्हणाले. “बळजबरी बरी नव्हं. मग मनकर्णाबाई. मंजूर?”

“मंजूर!”

बाईंचं तीनदा म्हटलेलं कुणी खरं धरलं नाही, माझं पहिल्या फटक्यात धरलं. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या ओरडण्यात सवयीनं माझाही आवाज होता.

पुढच्या गुरुवारी सकाळी बेल वाजली. दारात बाई, भिंतीला धरून. गळ्यातली किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. “पाणी आलंय, मेघा. तेवढं बघतीस का?”

या वेळी नको म्हटलं असतं तर ते मनापासूनचं असतं. पण किल्ली अजून कोमट होती. मी घेतली.

मोटार लावली, चार मजले चढले, टाकी बघितली, बेल वाजवत उतरायला लागले. सुदर्शनभाऊ बादली घेऊनच दारात आले.

“आलं का पाणी? मानलं बुवा मनकर्णाबाईंना. या वयात एक दिवस चुकत नाहीत!”

“भाऊ, मोटार मी लावली,” मी धापा टाकत म्हणाले.

सुदर्शनभाऊ खो खो हसले. “तुम्ही पण ना, मेघाताई!”