बाजेची एरियल

मलकापुरात कापसाच्या हंगामात आमचा रेडिओ दुपारभर नुसता खरखरायचा. घराच्या उत्तरेलाच कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं आणि त्याच्या मोटारींच्या ठिणग्या थेट रेडिओत ऐकू यायच्या. नेमकी त्याच दिवसांत ताई नागपूरच्या रेडिओवर पहिल्यांदा गाणार होती, आणि तेही भरदुपारी! तिनं गाणं शिकू नये म्हणून बाबा दोन वर्षं अडून बसले होते. त्यांनी तिला ऐकलंच पाहिजे, असा मी हट्ट धरला.

मी कॉलेजात विज्ञान शिकत होते, म्हणजे घरात माझ्याइतकं शहाणं कुणी नव्हतं. चौकटीवर तार गुंडाळली की ती एरियल एका दिशेचं ऐकते, दुसऱ्या दिशेचं टाळते, एवढं वाचलं होतं. जुन्या बाजेची चौकट काढली, तार गुंडाळली, रेडिओला जोडून ती उभी केली. बाबांनी येऊन तिचं मोकळं, सपाट तोंड पूर्वेला, नागपूरकडे वळवलं.

"पाहुन्याले कोनी पाठ दाखवते का?"

मलाही ते पटलं. रेडिओ लावला, तर नागपूर साफ गायब आणि जिनिंग जणू घरात आलेलं.

चिडून मी परातीत पाणी घेतलं, लाटा दिसाव्यात म्हणून ती उन्हात ठेवली. चौकटीच्या दोन उभ्या बाजू म्हणून दोन बोटं पाण्यात नाचवली, एक खाली तर दुसरं वर, कारण तारेतला प्रवाह एका बाजूनं चढतो आणि दुसरीनं उतरतो.

"हे काय करून राह्यली तू? मी कनिक कशात भिजवू?" आई ओरडली.

मला कुठलं ऐकू येतंय! बोटांच्या रेषेत दोन्हीकडे लाटा धावत होत्या, पण बोटांच्या समोर पाणी ढिम्म. जिकडे लाटा जात नाहीत, तिकडचं ऐकूही येत नाही. म्हणजे चौकट तोंडासमोरचं ऐकतच नाही, कडेचं ऐकते! आता संगणक असली चित्रं रंगीत काढतो, त्याला सिम्युलेशन म्हणतात. पण त्या परातीसमोर मी जेवढी नाचले, तेवढी नंतर कधी नाचले नाही.

धावत जाऊन बाजेचं तोंड जिनिंगकडे केलं, कड नागपूरकडे. खरखर बसली! पण चौकट जरा कलली की जिनिंग पुन्हा सुरू. शेवटी बाबांनीच ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

थोड्याच वेळात ताईचा आवाज आला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते. आई पदर घेऊन पुढे झाली.

"थांब वं," ते म्हणाले, "हालीन मी. पोरीचं गानं होऊ दे."