गोड बोलणारी सिस्टर

आमच्या दवाखान्यात नर्सांसाठी भावनिक बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण झालं, त्यात मी पहिली आले. हिंगोलीहून आलेल्या साहेबांनी पडद्यावर माणसांचे चेहरे दाखवले आणि कोणाच्या मनात काय चाललंय ते लिहायला सांगितलं. मी भराभर लिहीत गेले. शेजारी प्रसूती वॉर्डातल्या आमच्या थोरल्या सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी सगळ्या चेहऱ्यांपुढे एकच उत्तर लिहिलं, याला झोप पाहिजे. साहेबांना काही हसू आलं नाही. समोरच्याचं मन जिला कळतं तिचंच काम चांगलं होतं, असं सांगून त्यांनी माझ्या हातात प्रमाणपत्र ठेवलं.

थोरल्या सिस्टरांचं तोंड फटकळ होतं, ते खरंच. बाळंतिणींवर खेकसायच्या, नातेवाइकांना हुसकून लावायच्या. मी मात्र 'माय', 'आक्का' केल्याशिवाय बोलत नसे. बायका माझा हात धरून मला बसवून घेत आणि मला ते फार आवडायचं. त्या वर्षी वॉर्डाच्या इन्चार्जची जागा रिकामी होणार होती. नोकरीच्या हिशेबाने ती त्यांचीच होती आणि त्यांनी त्या जागेची फार वाट पाहिली होती.

महिनाभराने वारंगा फाट्याकडची एक पहिलटकरीण भरदुपारी बाळंत झाली. त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी नाडी बघायची, पोट दाबून बघायचं आणि खालचं कापड बघायचं, हा आमचा नियम. पण कॉटवर आणल्याबरोबर सासूने तिला गोधडीत गच्च गुंडाळलं होतं. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी गोधडीला हात घातला तशी म्हातारी काकुळतीला आली.

"उघडू नका बाई, वारं लागंल पोरीला."

तिला दुखवणं माझ्या जिवावर आलं. काही तकलीफ आहे का, असं मी पोरीलाच विचारलं. ती नाही म्हणाली. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि कागदावर लिहिलं, रक्तस्राव सामान्य. पुढच्या खेपेलाही न बघता तेच लिहिलं.

तेवढ्यात थोरल्या सिस्टर आल्या. त्यांनी लांबूनच पोरीचे ओठ बघितले, सासूला बाजूला ढकललं आणि गोधडी ओढून काढली. खालची चादर रक्ताने भिजली होती.

"वाऱ्याचं काय घेऊन बसल्या? पोरगी जाऊन राहिली तुमची."

असं ओरडत त्या रक्त थांबवायला पोरीचं पोट चोळू लागल्या. मला सलाईन लावायला लावलं, डॉक्टरांना बोलावून घेतलं. पोरगी वाचली. पण धक्क्याने म्हातारीचा हात कॉटवर आपटून तिच्या बांगड्या फुटल्या होत्या. लेकराच्या जन्मादिवशी सवाष्णीच्या बांगड्या फुटल्या, हे घरच्यांना सोसलं नाही. त्यांनी लेखी तक्रार दिली.

चौकशीला मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. मी लिहिलेला कागद टेबलावरच होता. थोरल्या सिस्टरांनी तो वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि कागद परत ठेवला. मग डॉक्टरांनी मला विचारलं, यांनी सासूला ढकललं का? का ढकललं ते सांगितलं असतं, तर तोवर तू काय बघत होतीस हा प्रश्न आला असता.

मी म्हणाले, "हो सर, ढकललं."

थोरल्या सिस्टरांच्या गोपनीय अहवालात वर्तणूक असमाधानकारक असा शेरा पडला. त्यांची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली आणि इन्चार्ज मी झाले. चार्ज देताना त्यांनी किल्ल्या मोजून दिल्या, कोणतं इंजेक्शन संपत आलंय ते सांगितलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "उघडून बघत जा गं." त्या दिवशी त्या माझ्यावर खेकसल्या असत्या तर बरं झालं असतं. समोरच्याच्या मनातलं ओळखणारी मी, त्या का खेकसल्या नाहीत ते मला आजही कळत नाही.

दीड महिन्याने तीच पोरगी बाळाला लस द्यायला घेऊन आली, बरोबर सासू. म्हातारीने सुनेला माझ्या पाया पडायला लावलं.

"यायच्या हातानं जगली तू," ती म्हणाली. "ती दुसरी तर कसायीण होती."

मी पोरीला उठवलं आणि बाळाचं नाव काय ठेवलं ते विचारलं. मला खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही.